गाळा नंबर चौदा

खांबेटे,
तुमचं पत्र मिळालं.
लेटरहेडवर अजून तोच सहा आकडी फोन,
खाली टाईप केलेलं: एकतीस मार्चपासून उत्पादन बंद,
सुटे भाग शिल्लक असेतो मिळतील.
शिक्का तिरका पडलाय.
तुमच्या हातून काही तिरकं गेलेलं
पंचेचाळीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं.

मी टेलिफोन खात्यातली.
दिवसभर कानात लोक. सातारा बोला, नगर बोला,
तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?
रविवारी मला कुणीच बोलायला नको होतं.
म्हणून पहिल्या बोनसमधून तुमचं यंत्र घेतलं.
आई म्हणाली, एवढ्यात शिलाई मशीन आलं असतं.
आलं असतं.

ओंकारेश्वराच्या खालच्या अंगाला, नदीपात्रात,
पहाटे साडी खोचून, कानांवर हेडफोन.
काठावरून पोरं ओरडायची,
ओ बाई, विविधभारती लागलं का?
लागायचं.
खिळा तुटक बोलायचा, उसनवारी मागायला आल्यासारखा.
तांबं गोल, घागरीत तोंड घालून बोलावं तसं.
फक्त थंड्याच्या बाटलीचं बूच
हुबेहूब चांदीच्या आवाजात खोटं बोलायचं.

मी तक्रारीचं कार्ड टाकलं.
उत्तर आलं नाही, तुम्ही आलात.
लुनावर, पँटला क्लिप लावून,
एका खिशात दहा बुचं, दुसऱ्यात आजोबांचा राणीछाप रुपया.
चिखलात उकिडवे बसून दोन तास ऐकत राहिलात.
मग एक स्क्रू, पाव फेरा.
आता ऐका, म्हणालात.
त्या दिवसापासून बूच स्वतःला बूच म्हणू लागलं.
पैसे विचारले, तर म्हणालात,
चूक आमची होती.

पुढचा हिशेब तुम्हाला कधी सांगितला नाही.
अंगठ्या अकरा, परत दिल्या दहा.
अकरावीचा मालक म्हणाला, राहू द्या, तिनेच फेकली होती.
शिवराई बत्तीस, एकाच जागी.
कलेक्टर कचेरीत जमा, पावती फाईलला.
कारकून दोनदा म्हणाला, बाई, खरंच देताय?
पोलिसांनी तीनदा अडवलं,
तिसऱ्या वेळी हवालदाराने बायकोची हरवलेली जोडवी शोधून मागितली.

आणि ते फुलपात्र.
दीड हात गाळाखाली, पानशेतच्या पाण्याने आणून टाकलेलं.
काठावर कोरलेलं: चि. मालूस, मोरूमामाकडून, १८-५-५८.
चार महिने मालू शोधली.
ती कोथरूडला निघाली, तिसऱ्या मजल्यावर, साठीची.
काही बोलली नाही.
नळाखाली भांडं चिंचेने घासलं,
आणि त्यातच मला पाणी दिलं.

ते पाणी तुमचं होतं, खांबेटे. मी नुसती प्यायले.

काल गाळ्यावर आले.
लेथ गेलेलं. फरशीवर त्याच्या पायांचे चार स्वच्छ चौकोन.
कॉइल गुंडाळणाऱ्या ताराबाई सोनटक्के
रिकाम्या बाकापाशी बसलेल्या, ओठ अजून हलत होते,
दोनशे अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.
शेवटची कॉइल त्यांनी वर्तमानपत्रात बांधून दिली,
माहेरी आलेल्या मुलीला लोणचं द्यावं तशी.

आपल्याकडे आभार आत मानत नाहीत.
दारात मानतात, चपलेत पाय अडकवता अडकवता.
तेही मला जमलं नाही.
हाताच्या सवयीने अंगणात यंत्र चालू केलं
आणि ते वाजायला लागलं.
पायरीपाशी, नळापाशी, लुना लावायचात त्या भिंतीपाशी,
एक वीतभर जागा गप्प नाही.
बंद करा, म्हणालात. इथे सगळीकडेच वाजणार.
इतक्या वर्षांचा कीस, कथलाचे थेंब,
निसटून गेलेले नट, कुणी वाकून न उचललेले.

मी बंद केलं नाही.
तुम्ही हात पुढे केलात.
मला वाटलं, यंत्र मागताय.
तुम्ही हेडफोन घेतला, कानांवर नीट बसवला,
आणि मार्चच्या उन्हात डोळे मिटून उभे राहिलात.
मी कॉइल हळूहळू फिरवत राहिले,
जमिनीपासून दोन बोटं वर, तुम्हीच शिकवलेलं.
गेटाशी माझी रिक्षा उभी होती,
मीटर पडत होतं.
पडू दे म्हटलं.