उणे ऐंशी

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फ्रीजरनं बोंब ठोकली.
फोन माझ्याकडे, कारण या आठवड्याची पाळी माझी.
डंडीतला जानेवारी. टे नदीवरून चढलेलं धुकं
रस्त्यावरचे दिवे तोंडात धरून बसलेलं.
पायजम्यावरच कोट चढवला आणि निघाले.

इसाबिर्ये आधीच पोचला होता,
जाड निळे हातमोजे, कोरड्या बर्फाच्या वाफेत कमरेपर्यंत.
"उणे बावन्न," म्हणाला. "अजून वेळ आहे."
आम्ही डबे हलवायला लागलो,
झोपलेलं मूल या खोलीतून त्या खोलीत न्यावं तसे.

प्रत्येक नळीत गोठून झोपलेला ट्रिपॅनोसोम.
झोपेचा आजार देणारा स्वतःच झोपलाय,
हा विनोद इथे दर नव्या विद्यार्थ्याला सुचतो
आणि दर वेळी कॅट्रिओना गेडीस त्याच्याकडे
रिकाम्या पिपेटकडे बघावं तशी बघते.

बारा वर्षं मी याला न्याहाळते आहे.
एवढीशी पेशी. अंगभर एकाच प्रथिनाची दाट वीण,
कोटभर रेणू खांद्याला खांदा लावून उभे,
आतलं काही कुणाला दिसू नये म्हणून.
रक्त तो अंगरखा ओळखायला शिकतं, प्रतिपिंडं घडवतं,
लाखांनी मारतं,
आणि तोवर एखाद्यानं दुसरा चढवलेला असतो.
पेटीत दोन हजार अंगरखे. बहुतेक फाटके,
कुणाला बाही नाही, कुणाला गळा;
याचं ठिगळ त्याला लावून हा वेळ मारून नेतो.
अंगावर मात्र एका वेळी एकच.
एकच का, यावर माझा पगार चालतो.

"तुझ्यासारखंच की! देश बदलला, कोट बदलला,"
जेवणाच्या टेबलावर कुणीतरी म्हणतंच.
मी हसून वाटी पुढे करते.
मी बदलले तेव्हा मागे राहिलेल्या
लाखभर मी मेल्या नव्हत्या.

तिसऱ्या रॅकपाशी इसाबिर्ये थांबला.
हातमोज्याच्या बोटानं हिम पुसलं.
"बुगोंडे," त्यानं वाचलं.
"माझ्या आईच्या गावाहून दोन मैल."
साल त्याच्या जन्माआधीचं.

नोंदवही कपाटात होती. निळी शाई, कुणाचं तरी घाईचं तिरकं अक्षर:
स्त्री. वय अंदाजे तीस. चौथा आठवडा.
उंदरात वाढवलेलं नाही; थेट रक्त, ग्लिसरॉलमध्ये.
बस.

या जिवाची एक गंमत मी एरवी शिकवते:
त्याच्या ऊर्जाघरातले काही निरोप मुळात निरर्थक लिहिलेले असतात,
मग एकच अक्षर शेकडो जागी घालत घालत
तो त्यांचा अर्थ लावतो. एकही जागा चुकत नाही.
वहीतली ती ओळ मात्र
इतक्या वर्षांत कुणी दुरुस्त केली नव्हती.

"म्हणजे तीही आहे यात," तो म्हणाला.
मी म्हणाले, हो, तिचं रक्त, तिची प्रतिपिंडंसुद्धा.
पुढचं बोलले नाही, पण तो माझ्याइतकंच जाणतो:
चार आठवड्यांत तिनं एकेक अंगरखा ओळखीचा केला होता.
नळीत जो जिवंत आहे, त्याच्या अंगावर
तिला अजून न कळलेला आहे.
दोघं एका थेंबात, एकमेकांपासून केसभर लांब,
आणि मध्ये उणे ऐंशी.

पहाटे नियमाप्रमाणे एक नळी वितळवून बघायची होती,
माल जगला की नाही ते.
मी हात पुढे केला.
"ही नको," तो म्हणाला.
दुसरी उघडली. सूक्ष्मदर्शकाखाली वळवळ,
चाबकासारखी शेपटं, तांबड्या पेशींना ढुशा देत.
जगला होता माल.

ती नळी त्यानं नव्या फ्रीजरमध्ये स्वतः ठेवली,
सर्वांत वरच्या खणात, जिथे आम्ही काहीच ठेवत नाही,
कारण दार उघडलं की तिथलीच थंडी आधी जाते.
मी ते सांगितलं.
त्यानं ऐकलं, खाली वाकला,
आणि तिला तळाशी नेलं.

आठला कॅट्रिओना आली.
दूध कुणी संपवलं, विचारत होती.