खांब नंबर

डिलिव्हरीवाला पोरगा फोनवर विचारतो,
काका, बर्डीवर नेमकं कुठं?
मी सांगतो, रजतपट टॉकीजच्या मागची गल्ली.
तो गप्प.
टॉकीज पाडून एकोणीस वर्षं झाली,
पोरगा असेल विशीचा.

बरं, मग भांगे कटपीसच्या समोर ये.
तेही नाही. तिथं आता चष्म्यांचं दुकान.
पायरी मात्र तीच, डाव्या कोपऱ्यात फुटलेली,
तिच्यावर बसून शालिक
ब्लॅकची तिकिटं मोजायचा.
"तुमच्यापासून का कमवू बे, दोस्त लोक तुम्ही,"
म्हणायचा, अन् आठ आणे जास्त घ्यायचाच.

बाजूला नीलकमल रेस्टॉरंट,
फॅमिली रूमला हिरवा पडदा.
त्या पडद्यामागं सुलभा दुरुगकरनं मला
नाही म्हटलं होतं,
आधी दोन्ही प्लेट समोसे संपवून.
तिथूनच आता मेट्रोचा खांब वर गेलाय.

काका, खांबाचा नंबर सांगा न,
पोरगा म्हणतो.

चपला घालून खाली उतरतो.
इतकी वर्षं शेजारी उभा आहे हा,
आज पहिल्यांदा त्याचा नंबर वाचतो,
तोही चष्मा कपाळावरून खाली ओढून.

पोरगा येतो. तोंडाला दुपट्टा, वर मे महिन्याचं ऊन.
सावजी रश्श्याची पिशवी एका कोपऱ्यातून गळते आहे.
पैसे मोजता मोजता विचारतो,
काका, मोठी होती का टॉकीज?

पिशवी त्याच्याच हातात ठेवून
मी दोन्ही हात पसरतो,
इथपासून तर पाह्य, तिथपर्यंत...

मागून स्कूटीवाली हॉर्न वाजवते.