शिल्लक

सांगलीच्या मार्केट यार्डात दिवसभर
दुसऱ्यांच्या हळदीचा हिशेब लिहिते,
रात्री त्याच पिवळ्या बोटांनी माझा.

गृहभेटीला आलेल्या बाईंनी विचारलं,
"एकट्याच कमावत्या, मग अजून एक मूल कसं?"
मी वही पुढे केली.
भाडं, गॅस, शार्दूलची फी, भिशीचा हप्ता.
खाली पेन्सिलीनं: पायल.
रक्कम कोरी.

अनुदान येईल तेव्हा येईल.
चप्पल आजच लागते.

शार्दूलनं सहलीची ओळ खोडली, न सांगता.
खोडताना पान फाटलं थोडं.

एकोणतीस तारखेला
तिच्या उशीची खोळ बदलताना
अर्धी भाकरी निघाली,
वाळलेली, कागदात नीट बांधलेली.
"उद्याला," म्हणाली.

जमेत लिहू की खर्चात?

होती तशीच ठेवली परत.
शेजारी एक ताजी.