दम धर

बाबा बाही वर सारतात.
चाळीस वर्षं तिसा नदीतून जाळी ओढलेला दंड
माझ्या टेबलावर पडलाय, शहाण्या मुलासारखा.
मी पट्टा आवळते. काटा दोनशेवर.
दम धर, म्हणते. हाताला, त्यांना नाही.

पाच मिनिटं.
बोटं पांढुरकी, मग जांभळट, नखांत मुंग्या.
ते खिडकीतून सेगेदच्या ट्रामचे नंबर
मोठ्याने वाचत बसतात : एक, पुन्हा एक, चार.
पट्टा सुटतो, फुस्स.
आता दम खा.

असं चार वेळा.
शेवटी विचारतात, "एतेल्का, हाताला छळून
काळजाचं काय भलं होतं गं?"

मला नीट माहीत नाही, बाबा.
एवढंच, की गुदमरलेला हात
रक्ताच्या कानात काहीतरी सांगतो
आणि रक्त ते पोटात ठेवत नाही.

दुपारी नळ्या येतात, नावं काढलेल्या.
निम्म्या जणांचे हात आवळलेच नव्हते;
कोण कुठला, ते पाकीट ओर्शोयाबाईंच्या कपाटात,
किल्ली त्यांच्या गळ्यात.
मी गाळते. पडद्यापलीकडे जे उतरतं
ते पाण्याइतकं नितळ. त्याला अजून नाव नाही.

काचेच्या नळीला टांगलेलं उंदराचं हृदय,
बोराएवढं, अंगाशिवाय धडधडतंय.
त्याला ते नितळ पाजते,
मग तोटी बंद. अर्धा तास.
आलेख सपाट होत जातो, ऑगस्टमधल्या नदीसारखा.

आईच्या वेळी गाडी यायला पन्नास मिनिटं लागली.
बाबा तिचा तळवा चोळत होते.
नुसता तळवा.

तोटी उघडते.
नंतर काप रंगात बुडवते :
जिवंत ते पाप्रिकासारखं लाल,
मेलेलं, उकडलेल्या माशासारखं.
नऊ नंबर अर्धाअधिक फिका.
सतरा नंबर मात्र
कडेला नखाएवढा फिका, बाकी सगळा लाल.
मी दिवा जवळ ओढून पुन्हा पाहते.
वहीत फक्त आकडा लिहिते.

बाबा अजून फाटकाशीच,
कोपरात कापूस दाबून.
"माझं कुठलं?"
सांगता येत नाही.
"पण कुणाचं तरी वाचलं ना?"
एका उंदराचं, थोडंसं.
ते मूठ उघडतात, मिटतात, उघडतात.
"बरं. मंगळवारी उजवा हात आणतो."