शेरा

उद्यमबागेत रुजू झालो तेव्हा टेबलावर
आयोडीनची बाटली, आधीच्या डॉक्टरांचा विसरलेला चष्मा
आणि एक रबरी शिक्का: फिट.
शाईची गादी ओली होती.
तेवढंच ओलं होतं त्या खोलीत.

दिवसाला चाळीस माणसं.
देसूरचा, हुक्केरीचा, काकतीचा;
शर्ट काढला की गळ्यापर्यंत काळी रेघ सगळ्यांना.
"उसिर तगोरी." "आता सोडा." "बिडरी, बिडरी."
भाषांतराला दोनच शब्द कधी अडले नाहीत.
धूळ. तेही धूळच म्हणतात.
आणि दम. त्याला ते म्हणतात दम्मु,
शेवटी ओठ मिटवून.

भरमा नेसरकर फेटलिंगला होता.
कास्टिंगची कुसं छिन्नीनं उडवायचा,
नाकातोंडाला बायकोच्या लुगड्याची पट्टी.
एक्याण्णव साली म्हणाला,
"डॉक्टर, जिना चढताना कोणतरी
मागनं कंबर धरून वडालंय बघा."
मी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली.
दोन्ही फुप्फुसांत मोहरी फेकल्यासारखी.
त्या मोहरीचं नाव मला पाठ होतं,
त्यावर परीक्षेत मार्क मिळाले होते.
मी लिहिलं: क्षयाची शंका.
क्षयाच्या गोळ्या सरकार फुकट देतं,
धुळीखाली कुणाला तरी सही करावी लागते.

लघवी लाल करणाऱ्या त्या गोळ्या
त्यानं नऊ महिने खाल्ल्या, एकही न चुकवता.
मग मी शिक्का उचलला.

पुढे मी मोठा झालो.
पाच कारखान्यांचा मुख्य वैद्यकीय अधिकारी,
तिसरा मजला, काचेचं दार,
हाताखाली चार डॉक्टर
आणि कान तपासायची एक बंद पेटी,
जिच्यात बसलं की स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं.
मी तिच्यात फार वेळ बसत नसे.
बैठकीत विचारायचे, टक्केवारी?
मी सांगायचो टक्केवारी.
कुणाची, हे कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

एकदा आकडे नेले नाहीत. ती फिल्म नेली,
पडद्यावर चिकटपट्टीनं लावली.
म्हटलं, सही माझी आहे.
निदान खोटं आहे, तेही माझंच.
बराच वेळ नुसता एसीचा आवाज.
मग हिशेबवाल्या हंजी साहेबांनी विचारलं,
"धूळ ओढायच्या एका पंख्याला किती?"

मला ते माहीत नव्हतं.
बावन्नाव्या वर्षी शिकलो हवेचा वेग, नळाची रुंदी,
तोंडापासून किती इंचावर असेल तर धूळ
आधी पंख्याची होते, मग माणसाची,
वाळू ओली करून कशी फोडतात.
चार वर्षांत तीन कारखाने झाले.
दोन राहिलेत. राहिलेत म्हणजे राहिलेतच.

भरमा ते बघायला नव्हता.
त्याच्या बायकोच्या भरपाईसाठी
मी कामगार कोर्टात उभा राहिलो, माझ्याच विरुद्ध.
आधी मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये,
मग टायपिस्टसाठी इंग्रजीत.
तिन्ही भाषांत मी चुकलो होतो.
ती बाकावर बसून
पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

खंडेनवमीला काखेत यंत्र घेऊन शेडमध्ये गेलो.
नव्या पाइपाला झेंडूची माळ,
पत्र्यावर हळदीची पाच बोटं.
खाली भरमाचा धाकटा, जोतिबा.
नळी त्याच्या तोंडाशी दिली. फुंक.
त्यानं बेंबीपासून फुंकलं,
काटा बापाच्या कुठल्याही आकड्याच्या वर गेला
आणि तो हसून म्हणाला,
"आणि एकदा करू काय?"
कर, म्हटलं.

शिक्का ड्रॉवरमध्ये आहे, रबर तडकलंय.
शेऱ्याचा रकाना मी आता हातानं भरतो,
अक्षर डॉक्टरचं असलं तरी वाचता येईल असं:
आज दम चांगला आहे.
सहा महिन्यांनी परत बघणे.