किरकोळ

ठाणे म्युनिसिपालिटीच्या दफ्तरात त्या साली
क्षयाला स्वतःचं सदर नव्हतं.
'किरकोळ'मध्ये यायचा तो:
मेलेली कुत्री उचलणे, कंदिलाच्या काचा,
आणि त्याखाली, कोपरीच्या मिठागरांपलीकडे,
तट्ट्यांची सहा खाटांची छपरी.

आधी ती तळ्यापाशी व्हायची होती.
नौपाड्यातून चव्वेचाळीस सह्यांचा अर्ज आला:
वारा आमच्याकडे वाहतो.
वारा कुठे वाहतो हे ठरवायला कमिटी बसली,
तीन बैठका बसली.
शेवटी असं दिसलं की मीठ तेवढं हरकत घेणार नाही.

खाडीच्या अंगाला भिंत ठेवली नव्हती.
डॉक्टर म्हणायचे, हवा हेच औषध.
हवेला खर्च नाही, तेव्हा ठराव एकमतानं पास.
बाकी माणशी एक पत्र्याची पिकदाणी, थोडं फिनेल,
रोज अर्धा शेर दूध, शेराला दोन आणे.
दुधाचा हिशेब माझ्याकडे. मी ताम्हणे, दुय्यम कारकून.

रोज सकाळी जायचो, नाकाला रुमाल लावून.
जेठी पिकदाण्या धूत असायची, उघड्या हातांनी.
एकदा म्हणाली,
"कारकून, तुमचा रुमाल कोण धुतं?"

चार नंबरच्या खाटेवर चेंदणीची सगुणा.
सहा वर्षं परळला गिरणीत काढून
छातीत कापूस घेऊन परतलेली.
तिचा पोरगा मिठागराच्या बांधावर उभा राहायचा,
आत यायची मनाई.
बुधाजी गवळ्याला तिनं सांगून ठेवलं होतं:
माझं माप बांधावरच ओत.

नियम नववा: दूध रुग्णाने समक्ष प्यावे.
मी समक्ष होतो.
मी खाडीकडे बघत होतो.
भरती होती का ओहोटी, ते आता सांगता येणार नाही.

पौषातल्या चौदा तारखेला ती गेली.
जेठीनं खाटेचा काथ्या सोडून जाळला.
दुसऱ्या सकाळी 'मयत' लिहायला मी टाक बुडवला,
आणि बाहेर तो, तांब्या घेऊन.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं होतं,
पण सकाळ झाली की भूक यायचीच.

मी लिहिलं: प्रकृती तशीच. दूध अर्धा शेर.
पुढल्या दिवशी: तशीच.
एके दिवशी, उगाच: खोकला कमी.
बाराव्या दिवशी होडीनं मामा आला,
पोराला काल्हेरला घेऊन गेला.
तेव्हा कुठं मी तिला मरू दिलं,
सुवाच्य अक्षरात.

चैत्राच्या सभेत एका सभासदांनी विचारलं,
दुधाचा उपयोग काय? आकडे आणा.
मी आकडे नेले.
खाट चारची बाई डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा
अकरा दिवस जास्त जगलेली.
पाहा, गुण येतो, अध्यक्ष म्हणाले.
दूध आणखी एक साल मंजूर.

मग ऑडिटर आला, लाल शाई घेऊन:
लाकडांची पावती चौदाची, दूध पंचवीसपर्यंत. खुलासा?
मी खुलासा केला नाही.
पगारातून अकरा आणे कापले,
किरकोळ सदरी जमा झाले,
कंदिलाच्या काचांच्या खाली.

जेठीची साबणाची मागणी
त्याही साली पुढच्या सभेवर गेली.