सही बाकी

तायफ डोंगरावर आहे, हे खरं.
जेद्दाहून हदाचा घाट चढताना
कान दोनदा बंद होतात
आणि वळणावर माकडं गाडीपुढे हात पसरतात.
पण वर पोचलं की कळतं, गाव शिखरावर नाही,
वाटीत बसलंय.
चहूकडे काठ, मधे आम्ही,
तळाला राहिलेल्या आमटीसारखे.

माझं काम जुन्या टपालकचेरीच्या छपरावर.
सकाळी साडेसहाला कालचा कागद काढायचा, आजचा घालायचा.
पाणीपुरीच्या पुरीएवढा गोल, पांढरा.
चिमट्यानेच धरायचा, बोट लावायचं नाही.
दिवसरात्र यंत्र त्याच्यातून शहराचा श्वास ओढतं.
मग कागद डबीत, डबीवर तारीख,
तारखेखाली सही: म. इ. परकार.

मार्चमध्ये कागद पिवळसर येतो.
गुलाबतोडणीचे दिवस. अत्तरवाल्यांच्या भट्ट्यांवर तांब्याचे हंडे चढतात,
लोकांना वाटतं, हवेला वास असेल.
हवेला नज्दची वाळू असते.
पूर्वेचा वारा सुटला की दुपारी तीनला दिवे लावायचे,
आणि दातांखाली
न निवडलेल्या तांदळाची भाकर.
वाळूचा मला राग नाही. ती तराजूवर दिसते तेवढी
छातीत उतरत नाही.

उन्हाळ्यात समुद्राचा वारा घाट चढून येतो,
धापा टाकत, पण येतो,
आणि सगळं उचलून नेतो.
ऑगस्टात दुपारी गडगडून एखादी सर पडली
की कागद जवळजवळ कोरा.
मुतलकसाहेब तो आठवडा वर पाठवतात, अहवालात, रंगीत आलेखासकट.

जानेवारीचा आलेख कुणी मागत नाही.
थंडी काठांवरून घरंगळत तळाला येते,
वरती उबदार हवेचं झाकण बसतं,
भाताच्या टोपावर जड ताटली ठेवावी तसं,
आणि खाली जे आहे ते खालीच शिजतं:
डिझेल, तंदूर, बाभळीची लाकडं, आमचे खोकले.
नऊला ऊन ताटली उचलतं.
माझी वेळ साडेसहाची.

त्या आठवड्यात सलग तीन कागद काळे.
करडे नव्हे. तव्याची पाठ.
साहेब फोनवर म्हणाले, यंत्र तपास.
यंत्र ठीक होतं.
चौथ्या रात्री दोन वाजता गेलो, दोन स्वेटर घालून.
जिन्याखाली देलवार, सिल्हेटचा, रात्रीचा राखणदार,
तेलाच्या डब्यात संत्र्यांच्या खोक्यांच्या फळ्या जाळत होता.
रंगवलेल्या फळ्या.
धूर सरळ वर, यंत्राच्या तोंडात.

त्यानं एक खोकं माझ्याकडे सरकवलं.
म्हणाला, भाई, इथली थंडी हाडं मोजून घेते.
मी बसलो. दहा मिनिटं.
खरं सांगायचं तर वीस.

नोंदवहीत एक रकाना आहे, ‘स्थानिक कारण’.
तिथे नाव पडलं की पत्र जातं,
पत्र गेलं की कंत्राटदार माणूस बदलतो.
मी लिहिलं: आग. विझवली.
आणि माझ्या खोलीतला हीटर देलवारला आणून दिला.
जिन्याखाली प्लग नव्हता.
छपरावर होता, यंत्राचा.
वायर खाली सोडली. त्यानं छातीवर हात ठेवून शब्द दिला,
आता फळी जाळणार नाही.

आज कागद पांढराशुभ्र निघाला.
जानेवारीत!
साहेब म्हणाले, माशाल्लाह.
मग मी यंत्राचं घड्याळ पाहिलं.
बारा चाळीसला थांबलेलं. फ्यूज उडालेला.

म्हणजे हीटरही बारा चाळीसलाच गेला.
खाली उतरलो. डब्यात जुनी राख, गार.
शेजारी फळ्यांची थप्पी, जशीच्या तशी.
देलवार घोंगडीत गुडघे छातीशी घेऊन बसलेला,
ओठ निळसर.
शब्द दिला होता ना, म्हणाला.

कालची हवा कुणी मोजली नाही.
असेलच तर ती आहे त्याच्या छातीत, थोडी माझ्या.

डबी समोर आहे. तारीख घातलीय.
सही बाकी.
नऊ वाजायला अजून अवकाश आहे,
खाली गाव दिसत नाही,
नुसता हॉर्नचा आवाज वर येतोय.